‘ताई, शेपटीत पाय कशाला लागतात?’ : भाड्याने आणलेल्या जलपरीच्या पोशाखाबद्दल

माझी भाची चौथीत आहे. यंदाच्या स्नेहसंमेलनात, म्हणजे आमच्या रोजच्या बोलण्यातल्या गॅदरिंगमध्ये, वेशभूषा स्पर्धेसाठी तिने डिस्नेच्या ‘द लिटल मर्मेड’ची नायिका एरियल व्हायचे ठरवले. आमच्या लातूरहून समुद्र पाहायला जायचे तर एक रात्र गाडीत काढावी लागते आणि २०१६ च्या उन्हाळ्यात याच शहराला पिण्याचे पाणी मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून आणावे लागले होते. अशा ठिकाणच्या मुलीला जलपरीचे वेड लागावे याचे मला आधी नवल वाटले. तिच्या वर्गातल्या आणखी दोघींनी एरियलच निवडल्याचे कळले, तेव्हा नवल ओसरले आणि पोशाखाची काळजी सुरू झाली. त्या काळजीपोटी शहरातल्या एका दुकानातून जो पोशाख आम्ही भाड्याने आणला, त्याचा हा अनुभव आहे. दुकानाचे नाव देत नाही, कारण मालक माणूस म्हणून चांगले आहेत आणि त्यांच्या पोशाखातली खोड ही त्यांच्या एकट्याची आहे असे मला वाटत नाही.

भाडे एका दिवसाचे साडेतीनशे रुपये आणि डिपॉझिट हजार. पोशाख आदल्या दिवशी संध्याकाळी न्यायचा आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत करायचा असा हिशेब असल्याने प्रत्यक्षात तो चोवीस तास हाताशी राहतो. दुकानातली कपाटे पाहण्यासारखी आहेत. जिजाऊ, सावित्रीबाई, झाशीची राणी, वारकरी, पोलीस, फोमची वांगी आणि फोमचेच टोमॅटो यांच्या रांगेत पॉलिथिनच्या पिशवीत घडी घालून ठेवलेली जलपरी शेवटच्या खणात होती. मालकांच्या वहीत तिची नोंद ‘जलपरी हिरवी, २६’ अशी होती. त्यांनी माझ्या भाचीकडे एकदाच पाहिले आणि टेप न लावता ‘सव्वीस नंबर बरोबर बसेल’ असे सांगितले. घरी नेऊन घातल्यावर कंबर आणि खांदे अगदी मापात बसले, हे त्यांच्या नजरेचे श्रेय मी मोकळेपणाने देते.

पोशाखाचे नग चार आहेत: शिंपले शिवलेला लांब बाह्यांचा टॉप, कमरेपासून घोट्यापर्यंतची शेपटी, लाल विग आणि डोक्याचा पट्टा. यातला डोक्याचा पट्टा मूळ चित्रपटात कुठेच नाही. तिथे केसांत निळी रिबन दिसते, तीही नायिका माणूस झाल्यानंतरच्या निळ्या पोशाखावर. तरीही मोत्यांचा तो पट्टा मुलींना फार आवडतो, म्हणून त्याबद्दल तक्रार करत नाही.

टॉपबद्दल मात्र थोडे बोलले पाहिजे. १९८९ च्या चित्रपटातली एरियल जांभळ्या शिंपल्यांची नुसती चोळी घालते, आणि ती आपल्याकडच्या शाळेच्या रंगमंचावर चालणार नाही हे उघड आहे. त्यामुळे अंगाच्या रंगाच्या लायक्राचा पूर्ण बाह्यांचा टॉप करून त्यावर शिंपले शिवायचे, ही दुकानदारांनी काढलेली वाट शहाणपणाची आहे. अडचण ‘अंगाचा रंग’ या शब्दांत आहे. भाचीने बाही आपल्या मनगटाशी धरून पाहिली. बाही फिक्कट गुलाबी होती आणि मनगट गव्हाळ. ‘मावशी, हे कुणाच्या अंगाचं आहे?’ असे तिने विचारले. दुकानात मी तोच प्रश्न केला, तेव्हा ‘स्किन कलर म्हणून तोच येतो, ताई’ असे उत्तर मिळाले. २०२३ साली याच कथेवर प्रत्यक्ष कलाकारांना घेऊन केलेल्या चित्रपटात कृष्णवर्णीय गायिका हॅली बेली एरियल झाली होती, आणि माझ्या भाचीच्या गटातल्या तिघींपैकी दोघींची एरियल तीच आहे. वेशभूषाकार कॉलीन अ‍ॅटवूड यांनी तिच्यासाठी शिंपल्यांऐवजी शेपटीच्या खवल्यांतूनच वर चढत आल्यासारखी चोळी केली होती. तसा टॉप शिवला तर अंगाचा रंग शोधावाच लागणार नाही, आणि कापड शेपटीचेच असल्याने खर्चही फार वाढणार नाही.

विगचा रंग मला आवडला. कुंकवाइतका लाल नाही आणि विटकरीही नाही, त्यांच्या मधला आहे. हा लाल रंग चित्रपटवाल्यांनी उगाच निवडलेला नव्हता. १९८४ च्या एका गाजलेल्या चित्रपटातली जलपरी सोनेरी केसांची होती, तिच्यापासून हिला वेगळे काढायचे होते. शिवाय हिरव्या शेपटीसमोर लालच उठून दिसतो. पाण्यात तिचे केस कसे हलतील हे कळावे म्हणून चित्रकारांनी अमेरिकी अंतराळवीर सॅली राइड यांच्या अवकाशातल्या चित्रफिती पाहिल्या होत्या, कारण वजनरहित अवस्थेत केस पाण्यात तरंगावेत तसे पसरतात. भाड्याच्या विगकडून एवढी अपेक्षा करणे बरोबर नाही, पण निदान तो विंचरून तरी द्यावा. आमच्या वाट्याला आलेल्या विगची मागची बाजू सुतळीच्या गुंडीसारखी गुंतलेली होती आणि त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. खोबरेल तेलाचा हात लावून मोठ्या दातांच्या फणीने तो सोडवायला माझ्या आईला पाऊण तास लागला.

आता शेपटीकडे येते. सगळा पोशाख तिच्यावरच उभा आहे, किंवा खरे सांगायचे तर उभा राहू शकत नाही.

शेपटी दिसायला चांगली आहे. वर टिकल्यांचे हिरवे लायक्रा, आत साटीनचे अस्तर, मागे कमरेपासून चेन आणि खाली फोम भरून वर जाळी ताणलेले दोन पंख. हिरवा रंग जरा पोपटी आहे. चित्रपटातल्या शेपटीसाठी स्टुडिओने हिरव्याची एक खास छटा तयार करून तिला नायिकेचेच नाव दिले होते. शिवाय समुद्रातला उजेड जागोजागी बदलतो म्हणून कपडेबदल सोडून एकट्या एरियलसाठी बत्तीस वेगवेगळे रंगसंच करावे लागले होते. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली छान दिसलेली आमची शेपटी शाळेच्या मंचावरच्या पिवळ्या दिव्यांत थेट शेवाळी झाली, तेव्हा त्या बत्तीस रंगसंचांचा अर्थ मला नीट कळला.

रंगाचे काही वाटले नाही. घोळाचे वाटले. शेपटी गुडघ्याशी एकवीस इंच आणि घोट्याशी एकोणीस इंच आहे, हे मी टेप लावून मोजले. दोन्ही पाय एकाच नळकांड्यात असल्यामुळे मुलीचे पाऊल जेमतेम वीतभर पडते. उजव्या गुडघ्याच्या बाजूला कुणीतरी आधी चीर पाडून ती नंतर वेगळ्याच हिरव्या दोऱ्याने शिवलेली होती, म्हणजे ही अडचण आमच्या आधीही एखाद्या आईला आली असणार. रंगीत तालमीच्या दिवशी भाची हे नेसून शाळेत गेली. मंचाला पाच पायऱ्या आहेत. पहिली तिने उडी मारून चढली, दुसरीवर तोल गेला, आणि तिथून पुढे बाईंनी तिला काखेत धरून वर नेले. पायरीच्या सिमेंटच्या कडेला पंखाजवळचा भाग घासला आणि टिकल्या निखळल्या. वर गेल्यावर ती जिथे ठेवली तिथेच उभी राहिली.

घरी आल्यावर माझ्या आईने शेपटी हातात धरून उलटसुलट पाहिली आणि म्हणाली, ‘असे पाय बांधल्यावर पोरगी चालंल कशी गं?’ मी दुकानात फोन करून विचारले, की घेर थोडा मोठा असलेली किंवा मागे चुणी दिलेली शेपटी मिळेल का. मालक अगदी मनापासून, कोणताही खवचटपणा न करता म्हणाले, ‘ताई, शेपटीत पाय कशाला लागतात?’

त्यांचे म्हणणे व्यवहाराला धरून आहे, पण एरियलची सगळी गोष्ट याच प्रश्नाबद्दल आहे. तिला पायच तर हवे आहेत. हान्स ख्रिश्चन अँडरसनच्या १८३७ सालच्या मूळ कथेत पाय मिळवलेल्या जलपरीला प्रत्येक पावलागणिक सुऱ्यांवरून चालल्यासारख्या वेदना होतात, तरी ती चालते. चित्रपटाने त्या वेदना काढून टाकल्या, ओढ मात्र तशीच ठेवली. बुडालेल्या जहाजांतले काटे, घड्याळे, मेणबत्त्या ठेवायचे दिवे गोळा करून जपलेल्या गुहेत बसून एरियल जे गाणे म्हणते, त्यात तिला माणसे असतात तिथे जायचे आहे, चालायचे आहे, नाचायचे आहे. हे गाणे चाचणी प्रयोगात मुले चुळबुळली म्हणून काढून टाकण्याच्या बेतात होते. ते गेले असते तर नायिकेचा स्वभाव कळायला प्रेक्षकाकडे फारसे काही उरले नसते.

या स्वभावावरून आमच्या गच्चीवर दोन संध्याकाळी चांगलाच वाद झाला, आणि पोशाख कोणता हे त्या वादातूनच ठरले, म्हणून तो इथे सांगते. भाचीच्या एका मैत्रिणीच्या आईला हे पात्रच पसंत नव्हते. त्या बँकेत आहेत आणि मोजके बोलतात. ‘एका मुलासाठी स्वतःचा आवाज विकणारी मुलगी आपल्या मुलींनी कशाला व्हायचं?’ असे त्या म्हणाल्या. आक्षेप जुना आहे आणि त्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. सोळा वर्षांची ही मुलगी आवाजाच्या बदल्यात पाय देणाऱ्या सागरी चेटकीण अर्सुलाच्या करारावर फारसा विचार न करता सही करते. तीन दिवसांत राजपुत्र एरिकने चुंबन घेतले नाही तर आपण तिचे बंदी होऊ, एवढे माहीत असूनही करते. पण क्रम पाहायला हवा. गुहेतले गाणे आधी आहे, आणि एरिकचे जहाज तिला त्यानंतर दिसते. माणसांच्या जगाची ओढ तिला एरिक भेटण्यापूर्वीची आहे. एरिक त्या जगाचे तिला सापडलेले एक दार आहे. हे मी म्हटल्यावर त्या म्हणाल्या, ‘मग दाराची किंमत आवाजाएवढी नसावी.’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि अजूनही नाही.

मुलींचे प्रश्न याहून अवघड होते. ज्या अर्थी करारावर तिने सही केली त्या अर्थी तिला लिहिता येते, मग एरिकला तिने चिठ्ठी का लिहिली नाही, असे एकीने विचारले. दुसरीचे मत असे होते, की एरियल बुडालेल्या जहाजांतले दुसऱ्यांचे सामान उचलते आणि त्याला आपला संग्रह म्हणते. माझ्या भाचीला राग होता तो शेवटाचा. १९८९ च्या चित्रपटात अर्सुलाला मारतो एरिक, जहाजाची मोडकी नाळ तिच्या पोटात घुसवून. आणि एरियल त्या वेळी भोवऱ्याच्या तळाशी अडकलेली असते. २०२३ च्या चित्रपटात तेच जहाज एरियल स्वतः चालवते. भाचीच्या मते तेवढ्या एका बदलासाठी नवीन चित्रपट काढणे योग्य होते. मला स्वतःला जुनाच अधिक प्रिय आहे, आणि तो ज्यामुळे आवडतो ती गोष्ट नेमकी आवाज गेल्यानंतरची आहे. पुढे बराच वेळ नायिकेला एकही वाक्य नाही. जे आहे ते भुवयांत, खांद्यांत आणि हातांत आहे. ग्लेन कीन आणि मार्क हेन यांनी ही नायिका चितारली आणि तिच्या हालचालींसाठी शेरी स्टोनर या अभिनेत्रीने चित्रकारांसमोर प्रत्यक्ष प्रसंग करून दाखवले होते. जेवणाच्या टेबलावर काटा दिसताच एरियल त्याने केस विंचरते, कारण स्कटल नावाच्या समुद्रपक्ष्याने तिला ती वस्तू त्याच कामाची असल्याचे सांगितलेले असते, आणि मग सगळे आपल्याकडे पाहत आहेत हे लक्षात येऊन ती काटा हळूच खाली ठेवते. तिथे तिच्या खांद्यांकडे पाहावे.

माझ्या आईने हा चित्रपट नातीच्या शेजारी बसून तुकड्यातुकड्यांत पाहिला. एरियल सात बहिणींतली धाकटी आहे हे कळताच तिने तिला आपल्या ओळखीत घेऊन टाकले. ‘ही तर आसराच की. धाकटी पाण्यात राहिली न्हाई व्हय?’ आमच्या गावाकडे विहिरीच्या काठाशी शेंदूर लावलेले सात खडे असतात, ते साती आसरांचे ठाणे. त्यांना हिरव्या बांगड्या आणि खण वाहतात, आणि पोरांना भरदुपारी तिकडे फिरकू देत नाहीत. आईच्या हिशेबात हिरवा रंग त्यामुळेच बरोबर होता आणि शेपटी चुकीची होती, कारण आसरा पाण्यातल्या असल्या तरी त्यांना पाय असतात आणि त्या रात्रीच्या फिरतात.

तर मुद्दा पोशाखाचा. जलपरी म्हटले की दुकानदार शेपटी आणि शिंपले काढतो. एरियलच्या अंगावर मात्र चित्रपटात किती तरी कपडे येतात, आणि तिला ओळखणाऱ्या मुलींची खरी चर्चा त्यांच्यावरच चालते. जेवणाच्या प्रसंगातला गुलाबी झगा फुग्याच्या बाह्यांचा आणि भारी आहे. पण तो तिला कुणीतरी घातलेला आहे आणि ती त्यात बाहुलीसारखी दिसते. भाचीच्या वर्गातल्या दुसऱ्या एरियलने तोच घेतला. ऑनलाइन मिळणारा मोरपंखी गाउनही आम्ही एकदा बाराशे नव्व्याण्णव रुपये देऊन मागवून पाहिला आणि दुसऱ्या दिवशी परत पाठवला. तो मूळ चित्रपटात नाहीच, नंतरच्या काळात बाहुल्या आणि खेळण्यांबरोबर बाजारात आलेला आहे. शेवटी पाण्यातून चालत किनाऱ्यावर येताना तिच्या अंगावर असलेला चमचमता झगा सुंदर आहे, कारण तो पाण्याचाच वाटतो. पण तसे कापड आमच्या बाजारात मिळाले नाही. निळा पोशाख मला सगळ्यांत जवळचा वाटतो. फिक्या निळ्या बाह्या, नाडीने आवळलेली गडद चोळी, निळा घोळदार परकर आणि केसांत रिबन. या कपड्यांत ती गावात फिरते, कठपुतळ्यांच्या खेळात नाक खुपसते, घोडागाडीचा लगाम हातात घेऊन गाडी अशी भरधाव सोडते की शेजारी बसलेल्या एरिकची भंबेरी उडते. लहान मुलीला घालायला याहून सोयीचा पोशाख नाही.

भाचीने मात्र यातले काहीच घेतले नाही. तिला शिडाच्या कापडाचा पोशाख हवा होता. पाय मिळाल्यावर एरियल किनाऱ्यावर येते तेव्हा तिच्याकडे कपडेच नसतात. स्कटल बुडालेल्या जहाजाच्या शिडाचे कापड तिच्याभोवती गुंडाळून वरून दोराने आवळतो. तिचा माणूस म्हणून पहिला पोशाख हा असा, फाटका आणि ढगळ, आणि तो घालून ती स्वतःच्या पायांवर उभी राहते, पडते आणि परत उभी राहते. ‘मला त्यात पळता येईल,’ एवढेच कारण भाचीने सांगितले. स्पर्धेला तेव्हा दोन दिवस उरले होते.

असा पोशाख कुठल्याही दुकानात भाड्याने मिळत नाही. आम्ही तीन मीटर कोरा मांजरपाट घेतला, साठ रुपये मीटरने. तो रात्रभर चहाच्या पाण्यात बुडवून ठेवला, तेव्हा त्याला खाऱ्या वाऱ्यात जुने झालेल्या कापडाचा मळकट तपकिरी रंग आला, आणि डाग सगळीकडे सारखे न बसल्यामुळे तो अधिकच खरा वाटू लागला. आमच्या गल्लीत फॉल-पिको आणि ब्लाउजची कामे करणाऱ्या एक बाई आहेत. त्यांनी चित्रपट पाहिलेला नव्हता, म्हणून त्यांना मोबाइलवर तेवढा प्रसंग दाखवला. त्यांनी तो तीनदा पाहिला आणि विचारले, की हे कापड अंगाला शिवलेले नाही, दोराने धरलेले आहे, बरोबर ना? मग त्यांनी बाजूच्या शिवणी घातल्याच नाहीत. खांद्यावर आतून एक टीप मारली, कमरेशी दोर अडकायला चार लहान बंद लावले, आणि काठ वरून फाटका दिसेल पण दशा निघणार नाहीत अशा बेताने आतल्या बाजूने पिको केला. खाली टी-शर्ट आणि गुडघ्यापर्यंतची लेगिंग. शिलाई अडीचशे रुपये. हे काम मी पाचपैकी पाच मानते. भाड्याच्या पोशाखाला याच मोजमापाने अडीच देईन.

दोर आणायला मी स्वतः गंजगोलाईत गेले. गोलाईच्या मधोमध जगदंबेचे देऊळ आहे आणि तिथून सोळा रस्ते फुटतात. त्यातला दोरवाल्यांचा नेमका कोणता, हे लातुरात जन्म काढूनही मला दोनदा विचारावे लागले. बैलांची दावी, कासरे आणि वेसणी विकणाऱ्या दुकानात मी चार मीटर सुती दोर मागितला. दुकानातल्या वृद्ध गृहस्थांनी दोर दोन्ही हात पसरून छातीवर ताणला आणि ‘दोन वाव पुरंल’ असे म्हणाले. खोल पाणी मोजायचे माप तेच आणि कासऱ्याचे मापही तेच, हे त्या क्षणी लक्षात येऊन मला फार बरे वाटले. ‘कशाला पायजे?’ असे त्यांनी विचारले, आणि जलपरीला बांधायला असे उत्तर मी दिल्यावर त्यांनी दहा रुपये कमी घेतले.

एक अडचण राहिली होती. स्पर्धेच्या नियमाप्रमाणे प्रत्येक मुलाने आपल्या पात्राबद्दल दोन मिनिटे बोलायचे असते, आणि शिडाच्या पोशाखातल्या एरियलला तर आवाज नाही. बाईंनी आधी हट्ट धरला, नंतर ऐकले. भाचीने पहिला एक मिनिट एकही शब्द उच्चारला नाही. पायऱ्या ती धावत चढली, मंचाच्या मध्यावर मुद्दाम धडपडली, उठली, आणि दोरात खोचलेला जेवणाचा काटा काढून केस विंचरू लागली. विग तिने नाकारला होता. स्वतःच्या काळ्या केसांना लाल रिबन होती. मग गळ्यातला शिंपला, गणपतीपुळ्याहून दोन वर्षांपूर्वी आणलेला, तिने ओढून जमिनीवर टाकला. चित्रपटात एरियलचा आवाज अर्सुलाच्या गळ्यातल्या शंखात कोंडलेला असतो आणि तो फुटल्यावर तिच्याकडे परत येतो. भाचीचा शिंपला काही फुटला नाही, तो घरंगळत पडद्याखाली गेला. तरी ती बोलली. प्रेक्षकांत निम्म्यांना ही मुलगी कोण आहे ते कळले नसावे. मागच्या रांगेतून ‘भिकारीण आहे का?’ असे ऐकू आले, हेही नमूद करते, कारण ज्यांना हा पोशाख करायचा असेल त्यांनी ही तयारी ठेवावी. आमच्याच दुकानातली निळी शेपटी घातलेल्या तिसऱ्या एरियलला पडदा उघडण्यापूर्वीच खुर्चीत बसवून ठेवले होते, आणि ती खरोखर देखणी दिसत होती. बक्षीस भाजीवाली झालेल्या मुलीला मिळाले, आणि ते योग्य होते. तिने मेथीची जुडी विकताना जो भाव केला तो आमच्या तिन्ही एरियलपेक्षा सरस होता.

दुकानाकडे परत येऊन उरलेला हिशेब सांगते. शेपटी परत केली तेव्हा मालकांनी पंखाजवळ चौदा टिकल्या नसल्याचे मोजून दाखवले आणि डिपॉझिटमधून दोनशे रुपये कापले. पावतीवर मागे बारीक अक्षरात ‘नुकसानीची रक्कम कापली जाईल’ असे छापलेले होते, त्यामुळे वाद घालायला जागा नव्हती. पण जो पोशाख घालून पायरी चढता येत नाही तो पायरीला घासणारच, तर ते नुकसान पोशाखाच्या कापाचे की मुलीचे, हा प्रश्न मी त्यांना विचारला. त्यांनी तो हसण्यावारी नेला नाही. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत मागे चीर देऊन आत हिरव्या जाळीचा त्रिकोणी तुकडा लावला, तर पाऊल मोकळे पडेल आणि समोरून शेपटी तशीच दिसेल, असे मी सुचवले. त्यांनी ते वहीच्या कोपऱ्यात लिहून घेतले. पुढच्या वर्षी तशी शेपटी त्यांच्याकडे दिसली तर माझे अडीच गुण मी आनंदाने चार करीन. तोवर ज्या मुलीला खुर्चीत बसून फोटो काढायचा आहे किंवा वाढदिवसाला केक कापायचा आहे, तिच्यासाठी हा पोशाख साडेतीनशे रुपयांत वाईट नाही. घरी आणल्याबरोबर तो दोन तास उन्हात टाकावा आणि विग आदल्या रात्रीच विंचरून ठेवावा. मंचावर चढायचे असेल, गटात नाचायचे असेल, तर तो घेऊ नये.

आमचा मांजरपाटाचा पोशाख अजून वापरात आहे. भाची तो घालून गच्चीवर खेळते, आणि चहाचे डाग दोन धुण्यांनंतरही टिकले आहेत. दोर मात्र माझ्या आईने वाळवणाच्या चादरीला वरून बांधायला घेतला आहे, आणि पापडांचा हंगाम संपेपर्यंत तो परत मिळण्याची चिन्हे नाहीत.